वाऱ्यावरच्या शेवया

नवी चिप पास झाली की प्रयोगशाळेत शेवया खायच्या, असा रिवाज होता. तांदळाच्या शेवया. कोबी, सोडे आणि अळंबी घालून परतलेल्या. मोठ्या परातीतून यायच्या. मॉनिटर बाजूला सरकवून टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि उभ्यानंच खायचं. शेवया नेहमी पेइरोंगच्या घरच्या असायच्या.

कुओ पेइरोंगचं घर शिंचू शहराच्या समुद्राकडच्या बाजूला, नान्शी नावाच्या वस्तीत. शरद सुरू झाला की तिथे वारा येतो. कोरडा, सरळ, महिनोन्‌महिने न थांबणारा. आख्खी नान्शी एके काळी त्या वाऱ्यावर जगायची. अंगणात बांबूच्या ताटव्या उभ्या करायच्या, त्यावर ओल्या शेवया पसरायच्या आणि वारा फिरेल तशा ताटव्या फिरवायच्या. पेइरोंगचे वडील ताटव्या फिरवायचे. आई शेवया सोडवायची. एकमेकींना चिकटलेल्या शेवया तशाच वाळल्या तर आतून ओल्या राहतात आणि शिजवताना त्यांचा गोळा होतो. म्हणून आई ताटव्यांमधून चालत जायची आणि चालता चालता बोटांनी त्या मोकळ्या करायची. लहानगी पेइरोंग तिच्या मागून जायची. आईकडून राहिलेली चिकटलेली शेवई दाखवली की आई म्हणायची, "दिसली का तुला? कर मग मोकळी."

दिसणं हेच पुढे तिचं काम झालं.

ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली. कॉलेजात लाई तिच्या दोन वर्षं पुढे होता. त्याचं पूर्ण नाव लाई चुंगयी, पण सगळे लाईच म्हणत. ती त्याला दादा म्हणायची. तिला न जमणारी गणितं त्यानं शिकवली. नोकरीही त्यानंच दाखवली. संगणकासाठी ग्राफिक्सच्या चिप बनवणारी छोटी कंपनी होती. तेव्हा संगणकावर सिनेमा बघणं म्हणजे दिव्यच असायचं. सिनेमाच्या तबकडीवरचं चित्र दाबून दाबून भरलेलं असतं. ते उलगडण्याचं काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर करायचा आणि करता करता दमायचा. पंखा घोंघावायचा, चित्र अडखळायचं, नटाचे ओठ मिटल्यावर त्याचं वाक्य ऐकू यायचं. हळूहळू ते काम ग्राफिक्सच्या चिपनं अंगावर घेतलं. आधी थोडं, मग निम्मं, मग सगळं. पेइरोंगनं हे सगळं होताना पाहिलं. शब्दशः पाहिलं. चिप आली की तिनं पडद्यासमोर बसायचं आणि चित्रात काय बिघडलंय ते सांगायचं.

मोजमाप करणारी यंत्रं होतीच. पण यंत्राला बरं वाटणारं चित्र माणसाला कधी कधी खुपतं. ते का खुपतं हे सांगणारं माणूस लागतं. अशा माणसाला त्या धंद्यात सोन्याचा डोळा म्हणतात. कंपनीत तो पेइरोंगचा होता.

"सोन्याचा डोळा चहा घेणार का?" लाई विचारायचा.

"सोन्याच्या डोळ्याला पगार मात्र पितळेचा," ती म्हणायची.

"डोळा सोन्याचा आहे, तू नाहीस. तू तांदळाची."

असं चालायचं.

शेवयांच्या क्लिपची गोष्ट त्यानंतरची. कंपनीनं मोठ्या, स्वच्छ चित्राचा पहिला कॅमेरा विकत घेतला. चाचणीसाठी काहीतरी चित्रित करायला हवं होतं. लाई म्हणाला, "बारीक पाहिजे. भरपूर पाहिजे. आणि हलणारं पाहिजे." पेइरोंग म्हणाली, "चल घरी."

कारण साधं होतं. तो कॅमेरा एका वेळी चित्राच्या एकाआड एक ओळी टिपायचा. पुढच्या क्षणी उरलेल्या. तेवढ्या वेळात वाऱ्यावरची शेवई हललेली असायची. दोन अर्धी चित्रं जोडताना काय हललं आणि किती हललं हे चिपला ओळखता आलं नाही, तर प्रत्येक शेवईच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात. अंगणभर शेवया आणि वर शिंचूचा वारा. चिपला छळायला याहून चांगली जागा नव्हती.

त्या रविवारी तिनं कॅमेरा धरला आणि लाईनं भिंगावर ऊन येऊ नये म्हणून छत्री. क्लिपच्या सुरुवातीला वडील कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "ए, बंद कर ते. केस बघ माझे." मग ते बाजूला होतात. मग आई येते. ताटव्यांमधून चालत जाते, शेवया मोकळ्या करत. तिची बोटं शेवयांत शिरतात आणि बाहेर येतात. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.

दुपारी लाई तिथेच जेवला. आईनं त्याला तिसऱ्यांदा वाढलं. वडिलांबरोबर त्यानं ताटव्या उचलल्या आणि एक पाडली. वडील म्हणाले, "शिकलेल्या माणसाचे हात." त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. वडील त्याला आपला लाई म्हणायला लागले.

आई पुढच्या वर्षी गेली.

क्लिप कंपनीत राहिली. कुठलीही चिप शेवयांमधून गेल्याशिवाय बाहेर जायची नाही. गिऱ्हाईकंही विचारायला लागली, "शेवया दाखवा." वडिलांच्या वाक्यावर दर वेळी कुणीतरी हसायचं. आणि चिप पास झाली की वडील शेवयांचं गाठोडं पाठवायचे. आपल्या अंगणातून एवढी मोठी यंत्रं पास होतात याचं त्यांना अप्रूप होतं. शेजाऱ्यांना ते सांगायचे, "माझ्या शेवया बघितल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही."

यूशान नावाची चिप आली तेव्हा मोठ्या चित्राच्या तबकड्या नुकत्याच बाजारात येत होत्या. जुन्या तबकडीच्या सहापट मोठं चित्र. सगळ्या कंपन्या त्यामागे लागल्या होत्या. यूशान स्वस्त लॅपटॉपसाठी होती. स्वस्त करायची म्हणून चिपची जागा कमी केली आणि हलणारं ओळखणारा भाग निम्म्याहून लहान केला. विभागप्रमुख फांग यांनी बैठकीत तसं सांगितलं. पेइरोंग म्हणाली, "शेवया अडकतील."

फांग लाईकडे बघू लागले. लाई म्हणाला, "ड्रायव्हरमध्ये बघतो काहीतरी." ड्रायव्हर म्हणजे चिपला कामाला लावणारं सॉफ्टवेअर. ते लाईचं खातं होतं.

पहिल्या नमुन्यात शेवया अडकल्या. दुसऱ्यातही. कडांना दात, आईच्या बोटांनाही दात. पेइरोंगनं प्रत्येक वेळी नाही म्हणून सांगितलं. लाई मान डोलवून परत जायचा. तो उन्हाळाभर कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठ करून बसलेला असायचा. जेवायलाही उठायचा नाही. ती त्याच्या टेबलावर डबा ठेवून यायची.

उन्हाळा संपता संपता त्यानं तिला बोलावलं. "बघ."

तिनं दिवे मंद करायला लावले. मागच्या खुर्चीत ओउबाई होत्या, तैपेईच्या लॅपटॉप कंपनीच्या खरेदीप्रमुख. त्या बसलेल्या आहेत हे तिला माहीत होतं, पण क्लिप सुरू झाल्यावर ती विसरली. वडील म्हणाले, "ए, बंद कर ते." मागे कुणीतरी हसलं. मग आई आली.

एकेक शेवई वेगळी होती. वाऱ्यानं सगळ्या एकदम कलल्या, सरळ झाल्या, एकही दुसरीत मिसळली नाही. आईची बोटं शेवयांत शिरली आणि तितकीच स्पष्ट बाहेर आली. अनामिकेच्या नखावरची जुनी चीरसुद्धा दिसली. तिला वाटलं, आई इतकी नीट आपल्याला जिवंतपणीही दिसली नव्हती.

क्लिप संपेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. मग म्हणाली, "ठीक आहे."

तिच्या तोंडून याहून मोठं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. ओउबाई उठल्या. "पेइरोंगनं ठीक म्हटलं. आता मी वेगळं काय बघायचं?"

लाईनं तोंड फिरवलं आणि पंखा कमी केला. तिला वाटलं, त्याचेही डोळे भरून आलेत.

दुसऱ्या दिवशी परात आली. सगळ्यांनी उभ्यानं खाल्लं. लाईनं दोनदा घेतलं. म्हणाला, "काकांना सांग, सोडे या वेळी जास्त पडलेत. तक्रार नाही, नुसतं सांग."

त्याच शरदात वडिलांनी अंगणातलं काम बंद करायचं ठरवलं. समोरून मोठा रस्ता झाला होता, शेवयांवर धूळ बसायची. बाकीचे केव्हाच बंद खोलीत यंत्रावर वाळवू लागले होते. वडील म्हणाले, "ही शेवटची वाळवण. मग मी नुसता वारा खात बसेन." शेवटच्या वाळवणीच्या दिवशी लाईला जेवायला बोलवायचं हेही त्यांनीच ठरवलं.

आईचं श्राद्ध जवळ आलं होतं. पेइरोंगच्या मनात आलं, क्लिपमधला आईचा तुकडा वेगळा काढून वडिलांना द्यावा. यूशान बसवलेला नमुन्याचा लॅपटॉप तिच्याकडे घरी होता. तिनं सुरुवातीचा, वडिलांचा भाग कापला. बाकी कशाला हात लावला नाही. आणि लावून बघितलं.

आईच्या बोटांना दात फुटले होते.

तिला वाटलं, कापताना आपलंच काही चुकलं. पुन्हा कापलं. तेच. मूळ क्लिप लावली. स्वच्छ. वडिलांचं वाक्य, मग आई, एकेक शेवई वेगळी. कापलेली लावली. शेवया फाटल्या, बोटं फाटली. तिनं घरी आणलेला कंपनीचा कॅमेरा घेतला, तिवईवर बसवला, अंगणात जाऊन उभ्या असलेल्या ताटव्यांचं नवं चित्रण केलं. ते लावलं. दात.

वडील बाहेरून म्हणाले, "काय गं, पुन्हा शूटिंग? या वेळी केस विंचरलेत मी."

"हो आबा," ती म्हणाली. "छान दिसताय."

ती बसून राहिली. पडद्यावर शेवया फाटत होत्या आणि बाहेर त्याच शेवया वाऱ्यावर नीट होत्या.

सकाळी कंपनीच्या स्कूटर लावायच्या जागेत तिनं लाईला गाठलं. तो नुकताच आला होता. वाऱ्यानं शेजारची रिकामी पिशवी त्याच्या चाकात अडकवली होती आणि तो ती सोडवत होता.

"दादा, क्लिप मधूनच सुरू केली की दात येतात."

"कुठली क्लिप?"

"आपल्याकडे कितीशा आहेत?"

त्यानं हेल्मेट काढलं नाही. "कापलीस का तू? कापल्यावर बिघडतात फायली."

"कापायचं कसं ते तूच शिकवलंस. बिघडली नाही. नवं चित्रण केलं, त्यातही येतात. फक्त जुनी क्लिप पहिल्यापासून लावली तर येत नाहीत."

लाई पिशवी ओढत राहिला. पिशवी निघाली. तिची घडी करून त्यानं खिशात घातली. मग म्हणाला, "काकांचा चेहरा."

"काय?"

"सुरुवातीला काकांचा चेहरा येतो ना. ड्रायव्हर तो ओळखतो. तो आला की ही क्लिप आहे हे त्याला कळतं. पुढे कुठल्या क्षणी कुठली शेवई कुठे जाते, ते आधीच भरून ठेवलंय. चिपला काही शोधावं लागत नाही."

वारा होता म्हणून तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण ऐकलं होतं.

"कुणी भरलं?"

"मीच."

"उन्हाळाभर?"

"उन्हाळाभर."

"आईची बोटंही?"

त्यानं हेल्मेट काढलं आणि तिच्या स्कूटरवर ठेवलं. मग म्हणाला, "तीही. एकेक फ्रेम बघून. ती सगळ्यात अवघड होती."

ती त्याच्या टेबलावर डबा ठेवत होती तेव्हा तो तिच्या आईची बोटं मोजून भरत होता. तिला डब्यांतल्या भाज्या आठवायला लागल्या. भोपळा. वांगी. एकदा अंडं.

"तेवढ्या मेहनतीत खरं काम नसतं झालं?"

"कुठे करू? चिपमध्ये जागाच नाही, पेइ. जागा वरच्यांनी कापली. ड्रायव्हर म्हणजे जादू आहे का? जे नाहीच ते मी कुठून आणू?"

"मग नाही जमत म्हणायचं."

"म्हण की तू. फांगसाहेबांना म्हण. ते म्हणतील बरं, चला सगळे घरी."

"मला सांगायचंस तरी."

या वेळी तो तिच्याकडे बघून बोलला. आवाज अगदी प्रेमाचा होता. गणित शिकवताना असायचा तसा. "तुला सांगून काय झालं असतं? तुला लपवता येतं का काही? तुझ्या कपाळावर लिहिलेलं असतं सगळं. ओउबाई पडदा बघतच नाहीत गं. त्यांना त्यातलं काय कळतं? त्या तुझ्याकडे बघतात. तुला ठाऊक असतं तर तुझा चेहरा तसा झालाच नसता."

"कसा?"

"जसा झाला तसा."

तो आत गेला. जाताना हेल्मेट तिच्या स्कूटरवर विसरला.

ती फांग यांच्याकडे गेली. त्यांना ठाऊक नसणार असं तिला अजून वाटत होतं. फांग यांनी स्वतः चहा ओतला. ती तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "लाई म्हणाला होता, तुला कळलं तर तुला लागेल म्हणून. मीही म्हटलं, लागणारच. आई आहे."

तिनं चहा घेतला नाही.

"हे बघ," फांग म्हणाले, "ओउबाईंच्या लॅपटॉपवर कोण शेवया बघणार आहे? लोक सिनेमा बघतील. सिनेमात एवढं काही हलत नाही."

"मग क्लिप कशाला दाखवता?"

"गिऱ्हाईक मागतं म्हणून. गुरुवारी त्या सही करायला येतायत. पुन्हा एकदा बघतील. तुला काही बोलायचं नाही. नुसती बस."

ती प्रयोगशाळेत परत आली. कुणीतरी बोलत होतं ते थांबलं. चिपचे नकाशे आखणारी मुलगी खाली बघायला लागली. ड्रायव्हरवर लाईबरोबर काम करणारे दोघं एकदम उठून बाहेर गेले. पेइरोंगनं प्रत्येकाकडे बघितलं. दिसणं हे तिचं काम होतं. एवढे दिवस हे दिसलं नव्हतं.

सगळ्यांनी परातीतलं खाल्लं होतं. कुणी कमी खाल्लं नव्हतं. कुणीतरी परात घासूनही दिली होती.

गुरुवारपर्यंत लाई तिच्याशी नेहमीसारखा वागला. चहा आणून ठेवला. सोन्याचा डोळा म्हणाला. तिला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला तो जागाच देत नव्हता.

एकदाच हळू म्हणाला, "तू बोललीस तर माझं काय होईल ते तुला माहीत आहे. मी काही सांगत नाही. तू ठरव."

तिनं ठरवायचा प्रयत्न केला. बोललं तर लाई जाणार. कदाचित सगळंच खातं जाणार. आणि न बोललं तर तिचं 'ठीक आहे' तिथेच राहणार. हजारो लॅपटॉपवर. ते तिचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तिच्याकडे आईची क्लिप आणि तो एक शब्द, एवढंच होतं. क्लिप त्यांनी घेतली होती.

गुरुवारी ओउबाई आल्या. त्यांना त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. कोट अंगावरच होता. फांग यांनी क्लिप लावली. वडील म्हणाले, "ए, बंद कर ते. केस बघ माझे." सगळे हसले. लाई जरा मोठ्यानं हसला. आई आली, शेवया मोकळ्या करत गेली. सगळं स्वच्छ.

ओउबाई पेइरोंगकडे वळल्या. "काय गं? ठीक?"

पेइरोंगनं माऊस हातात घेतला. आईच्या तुकड्याची फाईल तिनं सकाळीच तिथे ठेवली होती. ती लावली.

आईच्या बोटांचे धागे धागे झाले. शेवया करवतीसारख्या झाल्या.

"हे काय?" ओउबाईंनी विचारलं.

पेइरोंगनं तोंड उघडलं. लाई आधी बोलला. सहज, हसत. "कापलेली फाईल आहे ती, बाई. घरी वडिलांसाठी कापली हिनं. मूळ क्लिपच जुनी झालीय, त्यात कापली की असं होतं."

पेइरोंगनं अंगणातलं नवं चित्रण लावलं. तेच दात.

"हातानं धरलेला कॅमेरा," लाई म्हणाला. "वारा बघितलाय ना आमच्याकडचा? उभं माणूस हलतं."

फांग यांनी मान डोलवली. नकाशे आखणाऱ्या मुलीनंही डोलवली. कुणी तिला विचारलं नव्हतं, तरी डोलवली.

"कॅमेरा तिवईवर होता," पेइरोंग म्हणाली. "हलला नाही. चिपला शेवया दिसत नाहीत. ती फक्त आमच्या आबांना ओळखते."

तिला वाटलं, हे नीट सांगितलं. पण ऐकायला ते वेड्यासारखं वाटलं. तिलाही वाटलं.

ओउबाईंनी पडद्याकडे बघितलं. या वेळी खरोखर बघितलं. बराच वेळ. त्यांना डोळे होते. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग लाईकडे. मग पेइरोंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं श्राद्ध आहे ना आता? फांग सांगत होते. सुट्टी घे गं थोडी. दमलीयेस." फांगना म्हणाल्या, "पुढच्या वेळी नवी क्लिप आणा. ही आता जुनी झाली." आणि पेन काढलं.

म्हणजे तिचं 'ठीक आहे' चाललं होतं. 'नाही' चाललं नव्हतं.

शेवटच्या वाळवणीला लाई येणार नाही अशी तिची खात्री होती. तो आला. पेरूंची पेटी घेऊन आला. दारात बूट काढताना म्हणाला, "काका, वारा काय मस्त सुटलाय."

"तुझ्यासाठीच सोडलाय," वडील म्हणाले. "उशीर केलास. ताटव्या पाडायला आज कुणी नव्हतं."

लाई हसला. बाह्या वर केल्या आणि वडिलांबरोबर ताटव्या आत आणायला लागला. आता त्याला जमत होतं. पेइरोंग चुलीजवळून बघत होती. त्यानं वडिलांच्या बाजूचं वजन आपल्याकडे घेतलं, त्यांना कळू न देता. हेही खोटं असेल का ते तिला ठरवता येईना. तेवढं खोटं असतं तर सोपं झालं असतं.

जेवायला बसल्यावर वडिलांनी विचारलं, "मग? यंदाची चिप गेली ना बाजारात?"

"गेली, काका. तुमच्या कृपेनं."

"माझी कसली कृपा. शेवयांची." वडील खूश झाले. दाराजवळ लाईच्या बुटांशेजारी त्यांनी गाठोडं बांधून ठेवलं होतं. अंगणातल्या शेवटच्या शेवया. "तुमच्या लोकांसाठी आहेत. आणि वरची जुडी तुझी एकट्याची. ती वाटायची नाही."

लाईनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. पुन्हा उचलल्या.

वडील म्हणाले, "पेइ, तो आईचा तुकडा काढलायस ना? लाव की. हाही बघेल. तो होता तेव्हा."

"नंतर लावू, आबा."

"नंतर कधी? तो रोज येतो का?"

तिनं लॅपटॉप आणला. तोच, यूशानचा. वाट्या बाजूला सरकवून टेबलावर ठेवला. लाईकडे बघितलं नाही. तुकडा लावला.

आई ताटव्यांमधून चालत आली. वडिलांनी चष्मा चढवला आणि पुढे वाकले. काही वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"हिच्या बोटांना काय झालंय?"

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"असं फाटल्यासारखं का दिसतंय? लाई, तुझंच काम ना हे? बघ जरा. मागे दाखवलंत तेव्हा छान होतं की."

पेइरोंगनं आता त्याच्याकडे बघितलं. इथे फांग नव्हते. ओउबाई नव्हत्या. सही झालेली होती. खरं बोलल्यानं त्याचं काही जाणार नव्हतं. वडिलांना निम्मं कळलंही नसतं. तिला तेवढं एकच हवं होतं.

लाई पडद्याकडे बघत होता. त्या बोटांचा क्षण न्‌ क्षण त्याला पाठ होता.

"काका, फाईल जुनी झालीय," तो म्हणाला.

"असं होय," वडील म्हणाले. "फाईलसुद्धा जुनी होते." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

पेइरोंग उठली. दाराशी गेली. लाईच्या बुटांशेजारचं गाठोडं उचललं, वरच्या जुडीसकट, आणि आत घेऊन आली. फळीवर ठेवलं. तांदळाच्या डब्यामागे.

"अगं, ते त्याचं आहे," वडील म्हणाले.

"नाही," ती म्हणाली.

वाटीत उरलेलं लाईनं संपवलं. संपवायला बराच वेळ लावला. तिनं पुन्हा वाढलं नाही.